नेत्रगुरू आणि सुईचं नेढं

सकाळचे साडेदहा वाजले होते आणि बंद पडलेल्या चित्रपटगृहासमोर रांग लागली होती. चित्रपटगृह चालू असताना तिथे एवढी रांग कधी लागली नाही. लागली असती तर ते बंदच पडलं नसतं. आत पडदा तोच, खुर्च्या त्याच, फाटक्या गाद्यांतून डोकावणाऱ्या स्प्रिंगाही त्याच. खेळ तेवढा नवा होता.

पडद्यासमोर पांढऱ्या कपड्यांत नेत्रगुरू उभे होते. गालाला माइक चिकटवलेला, आवाजात मध.

"डोळा म्हणजे काय? डोळा म्हणजे खिडकी! खिडकीच्या काचेवर डाग पडला तर तुम्ही काच फोडता का?"

"नाही!" सभागृह गरजलं.

"मग काय करता?"

"पुसतो!"

"आणि डॉक्टर काय करतो?"

"फोडतो!"

सगळ्यांत मोठा आवाज माझ्या शेजारून आला. माझे भाऊजी. एरवी हा माणूस चहात साखर घालायची राहिली तरी मुकाट्यानं पितो.

कार्यक्रम असा होता. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यासमोर कॅमेरा लावायचा आणि दरवाजाएवढा डोळा मोठ्या पडद्यावर दाखवायचा. त्यात डाग, मळ, जाळं, जे असेल ते आणि नसेल तेही गुरू काठीनं दाखवत. मग निळ्या बाटलीतल्या 'तेजोरसा'चे दोन थेंब. मग शेजारच्या अंधाऱ्या खोलीत अर्धा तास मौन. मौनातून माणूस बाहेर आला की पुन्हा पडदा. आणि पडद्यावर काय! डोळा टपोरा, काळाभोर, पाणीदार. सभागृहातून एकच 'आहा' निघे.

"प्रकाश दिसतोय?" गुरू विचारत.

"फार दिसतोय," डोळे पुसत माणूस म्हणे.

"दिसणारच! आतला दिवा लागला! तेजोरस पेशींना त्यांच्या बालपणाची आठवण करून देतो. विज्ञानाला जिथे धाप लागते, तिथून आम्ही चालायला सुरुवात करतो."

मग ताईचा नंबर आला, आणि माझी थट्टा आटली.

ताई माझी थोरली बहीण. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं कॉलर आणि काजं करते. तिचे डोळे फिकट तपकिरी. डाव्या डोळ्यात, बाहुलीच्या खाली, त्या तपकिरी रंगातच एक गडद डाग. लहानपणापासून असेल किंवा नसेल, कुणी नीट पाहिलंच नाही. दोन महिन्यांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेली, तेव्हा चष्मेवाल्यानं तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, "असले बहुतेक डाग जन्मभर निरुपद्रवी राहतात. पण हा मला आवडलेला नाही. जुने फोटो घेऊन या. वाढत असेल तर काढावा लागेल."

काय काढावं लागेल, हे भाऊजींनी ऐकलंच नाही. त्यांनी गृहीत धरलं, डोळा. तेव्हापासून ते जेवेनात. गुरूंचं पत्रक त्यांनीच आणलं. "निदान विचारून तर बघू" असं म्हणत दोन महिने गेले, आणि जुने फोटो कपाटातच राहिले.

ताई खुर्चीत बसली. पडद्यावर तिचा डोळा उमटला, खाली डाग. गुरूंची नजर तिच्या गळ्यातल्या कारखान्याच्या ओळखपत्रावर गेली.

"हा फोटो कधीचा, माई?"

"गेल्या वर्षीचा."

गुरूंनी ओळखपत्र कॅमेऱ्याखाली धरलं. ताईचा डोळा पडद्यावर आला. तपकिरी, स्वच्छ. डागाचं नाव नाही.

"पाहा!" गुरू ओरडले. "वर्षापूर्वी डाग नाही! हा रोग नव्हे, ही कुणाची तरी बसलेली नजर! बाहेरून आलेला पाहुणा बाहेर जातो!"

टाळ्या पडल्या. भाऊजींनी माझा हात दाबला. तो फोटो मी काढला होता.

माझा फोटो स्टुडिओ आहे. ओळखपत्र, परीक्षेचा अर्ज, लग्न ठरवायचा फोटो, सगळं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकानं न सांगता चेहरा साफ करून द्यायचा. मुरूम, चामखीळ, कपाळावरची खोक. लोक फोटो बघतात, खूश होतात, आपण असेच दिसतो अशी समजूत करून घरी जातात. ताईच्या डोळ्यातला डाग मी दर तीन वर्षांनी नव्या ओळखपत्रासाठी पुसत होतो. सात वेळा पुसला. गुरूंना डाग पुसायच्या धंद्यात येऊन एक वर्ष झालं होतं, मला एकोणीस.

तेव्हाच उभं राहून बोलायला हवं होतं. नाही बोललो. सभागृहात निम्मी माझीच गिऱ्हाइकं होती.

अर्ध्या तासानं ताई मौनातून बाहेर आली. पडद्यावर तिचा डोळा टपोरा, काळाभोर. डाग गेलेला! भाऊजी ढसाढसा रडले. गुरूंनी नियम सांगितले. सात दिवस आरसा नाही, ऊन नाही, बारीक काम नाही, आणि मुख्य म्हणजे शंका नाही. डाग परत आला तर समजायचं, शंका घेतली. ओळखपत्र त्यांनी 'पुरावा' म्हणून ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई स्टुडिओत आली. काळा गॉगल, हातात सुई-दोरा.

"बारक्या, ही ओवून दे."

मला पन्नाशी उलटली तरी मी बारक्याच. "तू? तुला कधीपासून सुई ओवून द्यावी लागायला लागली?"

"तेच तर. डावा डोळा एकटा उघडून बघते, तर नेढं दिसतच नाही. लांबचं बरं दिसतं. जवळचं सगळं पिठूळ. डोळा एवढा निर्मळ झालाय म्हणतात, मग सुईचं नेढं कुठे गेलं?"

"शंका घेतेस होय?"

"शंका नाही घेत. काम अडलंय माझं."

मी तिला फोटोच्या स्टुलावर बसवलं. गेल्या वर्षी होता तोच दिवा, तोच कॅमेरा, तेवढंच अंतर. दिवा लावला तशी ती कळवळली. एवढ्या उजेडात उजव्या डोळ्याची बाहुली आकसून मिरीएवढी झाली. डावी ढिम्म. वाटाण्याएवढी उघडी ती उघडीच.

फोटो संगणकावर मोठा केला. डाव्या डोळ्यात काळंच काळं, आणि भोवती तपकिरी रंगाची बांगडीसारखी बारीक कड. खालच्या बाजूला ती कड जरा जाड आणि काळपट. डाग गेला नव्हता. काळ्याच्या शेजारी काळा होऊन दडून बसला होता.

"पण एवढा डाग एवढ्याशा कडेत मावला कसा?" मी म्हणालो.

ताईनं गॉगल कपाळावर ढकलून लांबूनच पाहिलं. तिला सेकंदही लागला नाही.

"चुण्या पडल्यात," ती म्हणाली. "अरे, परकराला नाडी ओढली की घेर कुठे जातो? तिथेच असतो. चुण्यांत. या तपकिरी कापडाच्या चुण्या करून त्यानं बाजूला सारलंय. ठिगळ चुणीत गेलं."

एकतीस वर्षं कापड हाताळलेल्या बाईनं तेजोरसाचा निकाल एका वाक्यात लावला. मला कॅमेऱ्याचं भोक लहान-मोठं करत तीस वर्षं झाली होती आणि सुचलं नव्हतं.

मग मी सांगितलं. सांगावंच लागलं.

"ताई, ओळखपत्रातला डोळा मी पुसलाय."

"म्हणजे?"

"डाग पुसतो मी. दर वेळी. सवय आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या फोटोपासून."

तिनं चांगला डोळा माझ्यावर रोखला. "आणि तो माणूस माझं ओळखपत्र नाचवत होता, तेव्हा तू काय करत होतास?"

"टाळ्या नाही वाजवल्या."

"फार उपकार झाले."

"मूळ फोटो आहेत माझ्याकडे," मी घाईनं म्हणालो. "न पुसलेले. सगळे." मूळ फोटो मी कधी काढून टाकत नाही. त्यात दूरदृष्टी वगैरे नाही, आळस आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी डोळा पाहिला आणि खुर्ची मागे सारली.

"बाहुली मोठी करायचे थेंब कुणी टाकले?"

"तेजोरस आहे तो," भाऊजी हळूच म्हणाले.

"तुम्ही तेज म्हणा. मी रोज सकाळी चाळीस लोकांच्या डोळ्यांत असलेच थेंब टाकते, आतला पडदा तपासायला. माझ्या बाटलीवर औषधाचं नाव असतं आणि त्यानं कुणी बरं होत नाही. उजेड खुपतो, जवळचं दिसत नाही. काही डोळ्यांत त्यानं दाब चढतो. गेल्या महिन्यात एक निवृत्त पोस्टमन आले, असेच निर्मळ होऊन. दुखतंय म्हणून त्या गुरूंकडे गेले, तर सांगितलं, मळ बाहेर पडतोय. तीन दिवसांनी माझ्याकडे आले. त्यांचा तो डोळा आम्हाला वाचवता आला नाही."

भाऊजींनी खिशातलं गुरूंचं पत्रक काढून चुरगाळलं.

थेंबांचा अंमल उतरायला दहा दिवस लागले. डाग अर्थातच परत आला. मग तपासणी झाली. भिंगाला आरसा लावून डोळ्याच्या कोपऱ्यात डोकावून पाहिलं. डोळ्यावर पाण्याचा छोटा कप ठेवून बारीक सोनोग्राफी केली. डाग किती जाड आहे आणि मागे कुठवर गेलाय, ते त्यात कळतं. आणि सगळ्यांत शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझे सात मूळ फोटो पडद्यावर ओळीनं लावले.

पहिल्यात खसखशीएवढा ठिपका. चौथ्यापर्यंत तेवढाच. पाचव्यात तिळाएवढा. सहाव्यात मसुरीला आलेला. सातव्यात बाहुली गोल राहिली नव्हती. डागाच्या बाजूला ओढली गेली होती, पेरूसारखी. ते सगळं मी जवळून, मोठं करून पाहिलं होतं. आणि पाहून पुसलं होतं.

"वाढलाय," बाई म्हणाल्या. "हेच मला हवं होतं. हा बुबुळाचा मेलॅनोमा आहे असं मी समजते."

"म्हणजे कॅन्सर?" ताईनं सरळ विचारलं.

"हो. डोळ्यात होणाऱ्या या जातीच्या कॅन्सरांपैकी त्यातल्या त्यात सुस्त. पण सुस्त म्हणजे साधू नव्हे. कोपऱ्यात पसरला तर दाब वाढवतो आणि क्वचित शरीरात इतरत्रही जातो. तुमचा अजून एका जागी आहे. बुबुळाचा तेवढा तुकडा कडेच्या थोड्या चांगल्या भागासकट कापून काढता येईल. पसरलेला असता तर डोळ्यावर किरणांची चकती शिवून काही दिवस ठेवावी लागली असती. फारच पुढे गेलेला असता, तरच डोळा काढायची वेळ."

"म्हणजे आत्ता डोळा काढायचा नाही?" भाऊजींनी दोन महिन्यांपूर्वी विचारायचा प्रश्न आज विचारला.

"नाही हो. डाग काढायचा."

"आणि खात्री?"

"आत्ता केलं तर आशा चांगली आहे. शंभर टक्के खात्री देणारा माणूस तुम्हाला त्या सभागृहात मिळेल. माझ्याकडे मिळणार नाही."

शस्त्रक्रियेची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. परतताना रिक्षा चित्रपटगृहासमोर थांबली आणि ताई थिजली. दारावर दहा फुटी फलक. डावीकडे डागाचा डोळा, उजवीकडे काळाभोर डोळा, मध्ये बाण. खाली अक्षरं: 'एका मातेला मिळाली दृष्टी.'

"हा माझा डोळा आहे," ताई म्हणाली.

"हो."

"मला न विचारता?"

"चल, आपण ऑपरेशनचं बघू," मी म्हणालो. "या लोकांच्या नादी लागायला नको."

"ऑपरेशन डॉक्टर बघेल. तोवर हा डोळा बघून किती जण आत जातील, ते मी बघते."

पुढच्या रविवारी आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. भाऊजीही. सात जणांचं मौन पार पडलं. सातही टपोरे डोळे पडद्यावर झळकले. ते सातजण व्यासपीठावर ओळीनं बसले असताना ताई उठली आणि पायऱ्या चढून वर गेली. गुरूंनी ओळखलं आणि सुखावले.

"या माई! सांगा लोकांना अनुभव!"

"सांगते. पण आधी यांना एक काम देऊ दे." तिनं पिशवीतून सुयांचं पाकीट आणि दोरा काढला. "ज्यांचा डोळा निर्मळ झालाय, त्यांनी दुसरा डोळा मिटून ही सुई ओवून दाखवा."

पहिला होता न्हावी. वस्तऱ्याचा माणूस, हात स्थिर. दोरा सुईच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा अंगठ्याला लागला. दुसऱ्यानं सुईच उलटी धरली. तिसऱ्या बाईंनी तर "सुई कुठाय?" असं विचारलं. सभागृहात खसखस पिकली.

"माई, सुई ही भौतिक वस्तू," गुरू म्हणाले. "हे दिव्य तेज..."

"कारखान्यात मला दिव्य शर्टं शिवायची नसतात." मग माझ्याकडे वळून, "बारक्या, बॅटरी आण."

गुरूंचाच कॅमेरा, गुरूंचाच पडदा. मी बॅटरीचा झोत आधी न्हाव्याच्या तेजोरस न घातलेल्या डोळ्यावर टाकला. पडद्यावर बाहुली झर्रकन आकसली. मग निर्मळ डोळ्यावर टाकला. ढिम्म. सातही जणांचं तेच. सात बाहुल्या, सात उघडी दारं, एकही मिटेना.

ताईनं मग तपकिरी कापडाची एक पट्टी कॅमेऱ्याखाली धरली. वरच्या काठात नाडी घातलेली, मधोमध काळं ठिगळ.

"हा माझा डोळा. हा डाग." तिनं नाडी ओढली. कापड चुण्या होऊन एका बाजूला गेलं, ठिगळ दिसेनासं झालं. "गेला डाग! वाजवा टाळ्या!" कुणी वाजवल्या नाहीत. तिनं नाडी सोडली. ठिगळ पुन्हा पडद्यावर, दरवाजाएवढं. "दहा दिवसांनी औषध उतरलं आणि आला. यात शंकेचा काय संबंध? चुणीचा संबंध आहे."

"पण ओळखपत्र!" मागून कुणीतरी ओरडलं. "त्यात डाग नव्हता ना!"

आता माझी पाळी होती. माइकमध्ये मी एवढंच म्हणालो, "तो डाग मी पुसला होता. तुमचेही पुसलेत. या सभागृहात जेवढे देखणे फोटो आहेत, ते सगळे माझे. डाग वर्षात आला नाही, तो एकोणीस वर्षं होता. मी लपवला, यांनी त्याचा खेळ केला."

ताईनं निळी बाटली उचलून गुरूंसमोर धरली. "महाराज, एवढं निर्मळ औषध आहे, तर तुमच्या डोळ्यांत टाका दोन थेंब. अर्ध्या तासानं ही सुई ओवा. ओवलीत, तर माझं ऑपरेशन रद्द."

गुरूंनी बाटलीकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं. "आमचा डोळा," ते म्हणाले, "असल्या संसारी कामांसाठी नाही."

मग जो हशा उठला, तसा त्या चित्रपटगृहात कुठल्याच विनोदी चित्रपटाला उठला नसेल. हशा ओसरायच्या आत भाऊजी उभे राहिले. एरवी न बोलणारा माणूस. म्हणाले, "त्या पोस्टमनच्या डोळ्याचं काय?" आणि हशा थांबला.

बाटली पोलिसांमार्फत तपासायला गेली. निघालं काय? औषधाच्या दुकानात मिळणारे, बाहुली मोठी करायचे थेंब, वर थोडं गुलाबपाणी. गुरूंवर गुन्हा दाखल झाला. सगळे शहाणे झाले असं मात्र समजू नका. माझ्या गल्लीतले दोघं अजून म्हणतात, त्या बाईनं शंका घेतली म्हणून तेज गेलं.

ताईची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली बुबुळाची एक पाचर कापली आणि प्रयोगशाळेत पाठवली. मेलॅनोमाच होता. कडा स्वच्छ निघाल्या. दर काही महिन्यांनी डोळा दाखवायचा, अधूनमधून यकृताची सोनोग्राफी करायची, आणि हे वर्षानुवर्षं. यात चमत्कार काही नाही, नुसते हेलपाटे आहेत. डावी बाहुली आता कुलपाच्या भोकासारखी दिसते, वर गोल आणि खाली उघडी. उन्हात डोळा दिपतो, म्हणून टोपी आणि गॉगल. महिन्याभरानं तिनं नवा चष्मा लावून डाव्या डोळ्यानं सुई ओवली. तिसऱ्या प्रयत्नात. ती सुई भाऊजींनी जपून ठेवली आहे.

स्टुडिओच्या काचेवर मी आता पाटी लावली आहे: 'इथे डाग पुसले जात नाहीत. अंगावर, डोळ्यात डाग दिसला तर घाबरू नका, बहुतेक डाग गरीब असतात. पण वाढतोय का, ते बघा. जुने फोटो काढा, शेजारी ठेवा, डॉक्टरला दाखवा. अर्ध्या तासात डाग घालवणाऱ्याच्या हातात आधी सुई द्या.' पाटीमुळे गिऱ्हाईक थोडं कमी झालंय. होऊ दे.

जुनं ओळखपत्र पुराव्यात अडकलं, म्हणून ताईला नवं काढावं लागलं. फोटो मी काढला, जसा आला तसा दिला. कारखान्याच्या कार्यालयातल्या कारकुनानं तो दोनदा उलटसुलट करून पाहिला.

"बाई, डोळा कसातरीच आलाय. भावाला सांगून नीट करून आणा की."

"नीटच आहे तो," ताई म्हणाली. "कापून नीट केलाय. शिक्का मारा."

त्यानं शिक्का मारला.